बुद्धाच्या दारातले बूट

बॉस्टनजवळ आमच्या श्रूजबरीच्या घरी सिंकखाली पिशव्यांची एक पिशवी आहे. दुकानातून आलेल्या सगळ्या रिकाम्या पिशव्या मी घडी घालून तिच्यात कोंबते. एक ओढायला जावं, तर तिच्या कानाला धरून आणखी चार बाहेर येतात. बॉस्टनच्या म्युझियमच्या आमच्या किश्श्यांचं अगदी तसंच आहे. हळदीकुंकवाला कुणीतरी नुसतं विचारायचं, "काय गं, त्या नारळाचं पुढे काय झालं?" की झालं! चहा गार होतो, पण किस्से काही आटपत नाहीत.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी, हे, आमची मुक्ता (तेव्हा चौथीत होती) आणि शेजारची नंदा. नंदा कोल्हापूरची. ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडच्या घराला समजतं. आणि नंतर आमच्यात आला तो सिद्धार्थ. नागपूरचा, वूस्टरला पीएच.डी. करणारा, गाडी नसलेला आणि सदा भुकेला!

बॉस्टनला जपानच्या आणि एकूणच आशियाच्या कलेचं फार मोठं म्युझियम आहे. आठवड्यातल्या एका संध्याकाळी तिथे तिकीट ऐच्छिक असायचं. "म्हणजे देवळातल्या पेटीसारखंच की!" हे म्हणाले, आणि आमची वारी सुरू झाली. तिथे वरच्या मजल्यावर जपानी देवळासारखी बांधलेली एक खोली आहे. लाकडी खांब, मंद उजेड, आणि समोर शेकडो वर्षांच्या बुद्धमूर्ती. सिद्धार्थच्या आईला, सुलोचनाताईंना, आयुष्यात एकदा त्या मधल्या मोठ्या बुद्धासमोर उभं राहायचं होतं. मुलाने फोनवर वर्णन केलं तेव्हापासून त्यांनी हा एकच ध्यास घेतला होता. व्हिसा मात्र मिळत नव्हता.

बाकीचे किस्से त्याच्या आजूबाजूचे आहेत. पण पिशवीतून निघायचे ते निघणारच!

* * *

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या खोलीच्या दारात माझे पाय आपोआप थांबले. आत देव, पायात बूट? मी बूट काढले. माझं पाहून नंदाने काढले, मुक्ताने काढले, आणि घरात दहादा सांगितल्याशिवाय जे काढत नाहीत, त्या ह्यांनीसुद्धा काढले. चार जोड भिंतीकडेला ओळीने लावले. परत निघताना घालायला सोपे जावेत म्हणून टोकं बाहेरच्या बाजूला.

तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या मिशांचा गार्ड लगबगीने आला. छातीवर नाव, वॉल्टर. बुटांच्या ओळीकडे बोट दाखवून तो अदबीने म्हणाला, "मॅम, शूज प्लीज."

मला वाटलं, बूट ठेवायची जागा वेगळी असणार. मी चारी जोड उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"थँक यू," मी म्हणाले. "टोकन?"

* * *

आता तो नारळ.

मुक्ताला त्या हिवाळ्यात ताप आला होता. उतरत नव्हता. मी गणपतीला नारळ बोलले आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता बोललेला नारळ ठेवून घ्यायचा नसतो. पण देऊळ लांब, बाहेर बर्फ, आणि ह्यांचं ऑफिस. त्यात आमची म्युझियमची संध्याकाळ आली. तिथे दगडी गणपती आहे, प्रसन्न, सोंडेत लाडू धरलेला. मी विचार केला, वाहायचा नाही, फोडायचा नाही, नुसता लांबून दाखवायचा आणि घरी आणायचा. देवाला काय, दिसल्याशी कारण!

दारात पर्स तपासायची पद्धत होती. तपासणाऱ्या मुलीने पर्समध्ये हात घातला आणि तिच्या हाताला शेंडी लागली. ती दचकलीच. तिने नारळ बाहेर काढला, फिरवून पाहिला, कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं.

"लिक्विड?" तिने संशयाने विचारलं.

"इट इज फॉर गॉड," मी खरं ते सांगितलं.

तिने वॉल्टरला बोलावलं. मागे रांग वाढत चालली होती. हे चार पावलं मागे सरकून, आपण या बाईला ओळखत नाही असा चेहरा करून उभे! वॉल्टरने नारळ हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या गंभीरपणे विचारलं की जणू रोज दहा जण येऊन हेच सांगतात,

"विच गॅलरी, मॅम?"

आत न्यायची परवानगी अर्थातच नव्हती. पण त्या मुलीने नारळ कोटांच्या काउंटरवर ठेवून घेतला आणि मला एक पितळी बिल्ला दिला.

"बघ, मिळालं शेवटी तुला टोकन!" नंदा ओरडली.

गणपतीला मी बिल्ला दाखवला. त्याला समजलं असणार.

* * *

बूट काढायचे नाहीत हा नियम. वॉल्टर बिचारा हात जोडून सांगायचा, "कुणी ठेचकाळलं तर माझी नोकरी जाईल." त्याचंही खरं. पण रस्त्यावरच्या बर्फा-चिखलाचे, पार्किंगमधले, कुठकुठचे बूट घालून देवासमोर उभं राहायचं माझ्या जिवावर यायचं. लहानपणापासूनचं वळण असं एका देशात सुटत नाही.

मग एका एकादशीला साबुदाणा भिजवताना मला सुचलं. मी पांढरे कॅनव्हासचे नवेकोरे बूट आणले. ते रस्त्याला लावायचेच नाहीत. कापडी पिशवीतून न्यायचे, खोलीबाहेरच्या बाकावर बसून बदलायचे, आत घालायचे आणि परत पिशवीत. बूट काढलेही, घातलेही! नियमही राहिला, देवही राहिला. नंदाने लगेच तसलेच आणले, मुक्ताला आणले. हे म्हणाले, "मी बाहेरूनच नमस्कार करीन."

वॉल्टर तीन-चार वेळा लांबून बघत राहिला. या बायका येतात, बूट काढतात, आणि दुसरे बूट घालतात. शेवटी न राहवून त्याने विचारलं. मी माझ्या इंग्रजीत जमेल तसं समजावलं. मला वाटलं, हसेल.

तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या गावाकडे माझी आई रविवारी चर्चला अनवाणी चालत जायची. बूट हातात. धूळ लागू नये म्हणून. चर्चच्या दारात पाय पुसायची आणि मग घालायची."

"मग ती अन् आम्ही सारख्याच!" नंदा म्हणाली.

"नाही मॅम," वॉल्टर म्हणाला. "तिच्याकडे एकच जोड होता."

* * *

जपानी दालनात एकदा मुक्ता धावत आली. "आई, कम सी! शी लुक्स लाइक अवर सरस्वती!"

बघते तर काय, खरंच! एक देवी बसलेली, मांडीवर तंतुवाद्य, चेहऱ्यावर तेच ते शहाणपण. पाटीवर लिहिलं होतं की ही मूळची भारतातली सरस्वतीच. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमधून जपानला पोचली. मला इतका आनंद झाला! माहेरचं माणूस परक्या गावात अचानक भेटावं तसं झालं.

नंदा मात्र डोळे बारीक करून निरखत होती. "पण ही साडीत का नाही गं?"

"तू कुठे आहेस साडीत?" हे म्हणाले.

नंदाने आपल्या जाड जाकिटाकडे आणि लोकरी टोपीकडे पाहिलं.

"तेही खरंच," ती म्हणाली. "थंडीचा देश. बिचारीने पहिल्या वर्षी आपल्यासारखाच त्रास काढला असणार."

"अँड हर वीणा चेंज्ड," मुक्ता म्हणाली. "इट गॉट शॉर्टर."

मी वाकून पाहिलं. वाद्य बदललं होतं खरं. पण तिने ते धरलं होतं तसंच, लेकरू धरावं तसं. कपडे बदलले, खाणं बदललं असेल, नावही बदललं. हातातलं सोडलं नव्हतं. मी हात जोडले आणि मुक्ताला म्हटलं, "हिला तुझ्या मराठी शाळेबद्दल सांग." रविवारची मराठी शाळा बंद करायचा तिचा हट्ट चालू होता ना!

मुक्ताने मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर, आई. तू तिला आधीच सांगून ठेवलंयस!"

* * *

सिद्धार्थ आमच्यात आला तो गणेशोत्सवातल्या जेवणाच्या रांगेत. "काकू, तुम्ही लोक बॉस्टनला जाता म्हणे बुद्ध बघायला? मला सोडाल का?" लगेच पुढे म्हणाला, "मी बौद्ध आहे. मला त्या गणपतीचं वगैरे काही नाही, पण मोदक मात्र फार आवडतात." असा सरळ मुलगा!

पहिल्याच फेरीला बाकावर बसून आम्ही बूट बदलायला लागलो. तो हसायला लागला. "हे काय चाललंय, काकू?" आणि पिशवी धरायला म्हणून त्याने हात पुढे केला.

आमच्या घरात त्या बुटांना 'सोवळ्याचे बूट' म्हणायचे. मुक्ताने ऐकलं तेच ती बोलली. "डोंट टच, दादा! दीज आर सोवळं शूज!"

सिद्धार्थचा हात थांबला. आत गेला, बुद्धासमोर हात जोडून उभा राहिला आणि ओठातल्या ओठात त्रिसरण म्हणत राहिला. नंदाने नेहमीच्या कुजबुजीत, म्हणजे सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी, विनंती केली, "अरे, जरा मोठ्याने म्हण की! आम्हालाही पुण्य लागू दे."

तेव्हा तो हसला. पण परतताना हायवेवर टोलनाका गेल्यावर मागच्या सीटवरून हळूच म्हणाला, "काकू, रागावू नका. सोवळं या शब्दाचा माझ्या आजीला एकच अर्थ माहीत होता. लांब हो."

ह्यांनी चाललेली भजनांची कॅसेट बंद केली. मला माझ्या मांडीवरची ती पिशवी जड लागायला लागली.

शेवटी मी म्हटलं, "मग काय म्हणू रे त्यांना?"

"स्वच्छ बूट म्हणा की," तो म्हणाला. "स्वच्छच आहेत ना?"

"माझे नाहीत हं," नंदा म्हणाली. "मी काल कचरा टाकायला तेच घालून गेले होते!"

एवढे हसलो, एवढे हसलो, की ह्यांची एक्झिट चुकली.

पुढच्या वेळी घरातून निघताना मुक्ताने बुटांची पिशवी उचलली आणि आपणहून त्याच्या खांद्याला अडकवली. "दादा, यू कॅरी." तेव्हापासून ते काम त्याचंच झालं. आणि तो शब्द आमच्या घरातून गेला. देवघरातूनसुद्धा. तिथे मी 'धूतवस्त्र' म्हणते. माझ्या देवांची काही तक्रार नाही.

* * *

सुलोचनाताई नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा लवकर गेला, एकटीने मुलाला शिकवलं. निवृत्त झाल्या आणि व्हिसाला गेल्या. नाही मिळाला. पुन्हा गेल्या. पुन्हा नाही. नागपूरहून मुंबईचा तो सगळा प्रवास, रात्रभर गाडीत बसायचं, आणि दोन मिनिटांत "सॉरी". इकडे सिद्धार्थची पीएच.डी. संपत आली होती. मे महिन्यात पदवी, आणि लगेच टेक्ससला, शुगर लँडला नोकरी. बॉस्टन सुटणार. आईचा बुद्ध राहून जाणार.

त्याच्या जेवणावरचं लक्ष उडालं. साबुदाण्याची खिचडी पहिल्या वाढीलाच पुरे म्हणाला, तेव्हा मी काय ते समजले. मी गणपतीसमोर बसले आणि संकष्टी बोलले. व्हिसा मिळेपर्यंत दर संकष्टीला कडक उपास. फराळही नाही, चंद्रोदयापर्यंत पाण्यावर.

हे गुपित नंदाला सांगितलं. म्हणजे ते नागपूरपर्यंत पोचलंच!

पुढच्या आठवड्यात सिद्धार्थ अवघडून म्हणाला, "काकू, आमच्यात उपास-तापास नसतात. आई म्हणते, दुसऱ्याला उपाशी ठेवून आलेला व्हिसा मला नको."

"एकदा बोललेलं मोडता येत नाही रे."

"तिने अजून एक निरोप दिलाय." तो हसू दाबत म्हणाला. "त्या बाईंना सांग, पोटभर जेवा आणि मग माझी आठवण काढा. उपाशी माणसाला फक्त जेवण आठवतं. मी नर्स होते, मला ठाऊक आहे!"

* * *

त्यातलीच एक संकष्टी नेमकी म्युझियमच्या संध्याकाळी आली. बाहेर बर्फ पडत होतं. आभाळ असं गच्च, की चंद्रच काय, समोरचा सिग्नल दिसेना. घड्याळाप्रमाणे चंद्रोदय होऊन गेला होता. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

"वृंदा, इकडे ये!" जपानी दालनातून नंदाने हाक मारली. "चंद्र उगवलाय!"

तिथे सहा घड्यांचा एक मोठा सोनेरी पडदा होता. त्यावर शरद ऋतूतलं गवत, आणि गवतामागे हा एवढा गोल चंद्र. "तीनशे वर्षांचा आहे. तुझ्या इंटरनेटवरच्या वेळेपेक्षा पक्का. घे दर्शन आणि जेव."

माझं मन डळमळलं. देव भावाचा भुकेला, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. मी पर्समधून लहान तांब्या काढला, त्यात बाटलीतलं पाणी ओतणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅम, इज दॅट वॉटर?"

"फॉर द मून, वॉल्टर," मी कसंबसं म्हटलं.

वॉल्टरने पडद्यावरच्या चंद्राकडे नजर टाकली. "मॅम, तो तीनशे वर्षं पाण्यावाचून राहिलाय. आजची संध्याकाळ राहील."

मी तांब्या पर्समध्ये टाकला. म्हटलं, निदान दर्शन तरी घ्यावं. नीट पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकले.

"नंदा, हा चंद्र काळा आहे गं."

"मग?"

"ग्रहण! ग्रहणात जेवायचं नसतं!"

सिद्धार्थ बाकावर बसून हसत होता. मुक्ताने पाटी वाचून सांगितलं की चंद्र चांदीचा आहे, हवा लागून काळा पडलाय. हे ऐकल्याबरोबर नंदाचा चेहरा उजळला. ती सरळ वॉल्टरकडे गेली.

"वॉल्टर, नो प्रॉब्लेम! आमच्याकडे देवाची चांदीची भांडी अशीच काळी पडतात. दंतमंजनाने घासलं की लख्ख! नेक्स्ट टाइम मी घरून घेऊन येते. टेन मिनिट्स वर्क!"

उरलेली सगळी संध्याकाळ वॉल्टर त्या पडद्याच्या आणि नंदाच्या मधोमध उभा होता.

* * *

सुलोचनाताई तिसऱ्यांदा मुलाखतीला गेल्या त्या दिवशी सिद्धार्थ सकाळीच आमच्याकडे येऊन बसला. फोन-कार्डावरचा नंबर फिरवताना त्याची बोटं चुकत होती. नंदाही आली होती. मी देवापाशी दिवा लावला. त्याला दिसणार नाही असा लावला होता. तो म्हणाला, "काकू, दिवा इकडे ठेवा की. उजेडाला कुठे धर्म असतो?"

फोन लागला. पलीकडून त्यांचा आवाज इतका खणखणीत, की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"मिळाला रे!"

सिद्धार्थने रिसीव्हर माझ्या हातात दिला. नंदा रडायला लागली. मी विचारलं, "ताई, या वेळी काय सांगितलंत?"

"दोन्ही वेळा म्हटलं, मुलाला भेटायला जाते. त्यांना वाटलं, तिथेच राहून जाईल. या वेळी साहेबाने विचारलं, 'मुलाला भेटायला का?' मी म्हटलं, नाही. बॉस्टनला एक बुद्ध आहे, त्याला भेटायला. तो म्हणाला, 'आणि मुलगा?' मी म्हटलं, मुलगा फोन तरी करतो. बुद्ध करत नाही!"

मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "अन् बाई, ते उपास आता बंद. उद्यापन काय असतं, ते करून टाका. उपासाला माझा विरोध आहे, उद्यापनाला नाही. मी येते जेवायला."

* * *

त्या आल्या. उंच, ताठ, पांढरीशुभ्र साडी, वर मुलाचं जाकीट. आमच्या घरी जेवल्या, माझ्या पुरणपोळीला नावं न ठेवता "तूप जरा कमी" एवढंच म्हणाल्या, आणि येताना आणलेली सांबारवडी (त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) स्वतःच्या हाताने तळून मला आग्रहाने वाढली. "किती वाळून गेल्या तुम्ही! माझ्या व्हिसाने खाल्लं तुम्हाला."

शुगर लँडला निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही सगळे म्युझियमला गेलो. सिद्धार्थच्या खांद्याला बुटांची पिशवी. तिच्यात या वेळी एक जोड जास्त होता. मी सुलोचनाताईंसाठी आणलेला, नवाकोरा, पांढरा.

बाकावर बसून त्यांनी चपला काढल्या. मी बूट पुढे केले. त्या हसल्या. बुटांचा सगळा इतिहास मुलाकडून त्यांच्यापर्यंत पोचला होता. "हेच का ते स्वच्छ बूट?" त्यांनी पाय घालून पाहिला. जाईना. दुसरा पाहिला. तोही नाही. सगळी नोकरी वॉर्डात उभ्याने काढलेली, त्यात विमानाच्या प्रवासाने सुजलेले पाय. माझा अंदाज पार चुकला होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. उठल्या आणि अनवाणीच दाराकडे निघाल्या.

वॉल्टर पुढे आला. "मॅम, शूज..."

मी मध्ये पडले. काय बोलले, कसं बोलले, मला आता आठवत नाही. नागपूर म्हटलं, तीनदा व्हिसा म्हटलं, मदर म्हटलं. एवढं आठवतं, की 'मदर' म्हटल्यावर वॉल्टरने त्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि त्याचा वर केलेला हात खाली आला.

"फाइव्ह मिनिट्स," तो हलकेच म्हणाला. मग बाकाखालच्या चपलांकडे बोट दाखवलं. "पण त्या जमिनीवर नको. कुणीतरी अडखळेल."

पिशवी घेऊन सिद्धार्थ आईमागे आत गेला होता. नंदा आणि मुक्ताही गेल्या. हे नेहमीसारखे बाहेर बाकावरच. मी वाकले आणि चपला उचलल्या.

आत सुलोचनाताई त्या मोठ्या बुद्धासमोर उभ्या होत्या. पांढरी साडी तेवढी अंधारात दिसत होती. त्यांनी हात जोडले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. मुलासारखं ओठातल्या ओठात नाही. स्वच्छ, वरच्या आवाजात. दारापाशी वॉल्टरच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. त्याने तो बंद केला.

म्हणून झालं. मग त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. सिद्धार्थ, नंदा, मुक्ता. कुणीतरी कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

"अहो वृंदाताई," त्यांनी हाक मारली, "लांब का उभ्या? या ना आत."

"कशी येऊ?" मी म्हटलं. "हातात चपला आहेत."

त्या चालत दारापर्यंत आल्या. माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझ्याच आहेत ना?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "मग या."